मोडीतून वाचलेली चांदी

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन या भुयारी रेल्वेच्या स्थानकातून एक लांब पायवाट जमिनीखालूनच संग्रहालयांकडे जाते. त्या वाटेने व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शिरता येते. सन 1851 मध्ये लंडनला भरलेल्या महाप्रदर्शनानंतर, 1852 मध्ये या संस्थेचा आरंभ झाला. प्रवेशाला शुल्क नाही. भारतातून आलेला प्रवासी बहुधा टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आणि महाराजा रणजितसिंहांचे सोन्याने मढवलेले आसन पाहतो आणि दुसऱ्या ठिकाणाची घाई करतो. चांदीची दालने वरच्या मजल्यावर आहेत आणि तिकडे गर्दी पुष्कळच कमी असते. व्यापारी घराण्यातील पाहुण्याने मात्र ही दालने चुकवू नयेत. तेथे जे मांडले आहे ते कलेइतकेच हिशेबाचे, पतीचे आणि संसाराचे आहे.

उंच काचेच्या कपाटांतून ओळीने पात्रे मांडलेली दिसतात. मिठाची पात्रे, तबके, पळ्या, रशाची मोठी झाकणदार भांडी, चहाच्या किटल्या, साखरेचे चिमटे, मेणबत्त्यांचे दिवे. ज्या भोजनासाठी यांतील बरीच पात्रे घडली, ते भोजन जैन कुटुंबाच्या पंगतीत बसणारे नाही. परंतु भांडे घडवणाऱ्याचा हात आणि ते जपणाऱ्या घराची माया यांना पंगतीचा भेद नसतो. शिवाय या दालनांत फिरताना एक प्रश्न हळूहळू मनात उभा राहतो आणि तो सगळ्या पंगतींना सारखाच लागू आहे. चांदीचे भांडे कोणत्याही दिवशी वितळवून नाणे करता येते. मग इतकी भांडी वाचली कशी?

तळाशी लिहिलेला हिशेब

या दालनांत वस्तूच्या दर्शनी बाजूइतकेच तिच्या तळाला महत्त्व आहे. जुन्या इंग्रजी चांदीच्या अनेक भांड्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत काही आकडे ओरखडलेले असतात. ते त्या भांड्याचे वजन होय. औंस आणि पेनीवेट या मापांत, भांडे घडले त्या वेळी नोंदलेले. एक ट्रॉय औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, जुन्या तोळ्याच्या हिशेबाने अडीच तोळ्यांहून थोडे अधिक. ग्राहकाला देण्यात येणाऱ्या बिलात दोन रकमा वेगळ्या मांडल्या जात. एक चांदीच्या वजनाची, दुसरी घडणावळीची. जळगावच्या किंवा पुण्याच्या सराफाच्या पावतीत जी रीत आजही दिसते, तीच लंडनच्या पेढीवर तीनशे वर्षांपूर्वी होती.

या रीतीचा अर्थ त्या काळच्या घराला नीट ठाऊक होता. वजनाची रक्कम ही ठेव होती. अडचणीच्या दिवशी ती परत मिळणार होती. घडणावळीची रक्कम मात्र खर्ची पडलेली. भांडे मोडीत निघाले की ती शून्य होई. तबकावर कारागिराने महिनाभर घातलेली वेलबुट्टी तराजूला दिसत नाही.

इंग्लंडमध्ये सराफी आणि बँकिंग यांचे नाते तर सख्ख्या भावंडांचे आहे. सन 1640 मध्ये राजा पहिला चार्ल्स याने लंडनच्या किल्ल्यातील टांकसाळीत व्यापाऱ्यांनी सुरक्षिततेसाठी ठेवलेली चांदी-सोन्याची ठेव अडकवून ठेवली. राजाच्या तिजोरीवरचा विश्वास उडाला. पुढच्या दशकांत व्यापारी आपली शिल्लक सराफांकडे ठेवू लागले. सराफ त्या ठेवीची पावती देत आणि ती पावती हस्ते-परहस्ते फिरू लागली. सन 1672 मध्ये एका सराफाने सुरू केलेली सी. होअर अँड कंपनी ही खासगी बँक आजही लंडनमध्ये चालू आहे. सुरतेचे वीरजी व्होरा याच सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीला कर्जे देत होते, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. दोन्ही ठिकाणी व्यवहाराचा पाया एकच होता, तो म्हणजे शब्दाची पत.

सिंहाची मुद्रा

ही पत धातूवर उमटवण्याची व्यवस्था म्हणजे हॉलमार्क. आपल्याकडे हा शब्द दागिन्यांच्या प्रत्येक दुकानात ऐकू येतो. त्यातील 'हॉल' म्हणजे लंडनमधील गोल्डस्मिथ्स हॉल, सोनार-सराफांच्या संघाचे सभागृह. सन 1300 मध्ये राजा पहिला एडवर्ड याच्या कायद्याने चांदीचा किमान कस ठरला आणि तपासलेल्या वस्तूवर बिबट्याच्या मुखाची मुद्रा उमटू लागली. 1363 पासून कारागिराने स्वतःची खूण घालणे बंधनकारक झाले. 1478 पासून वर्ष दाखवणारे अक्षर आले आणि 1544 पासून चालत्या सिंहाची मुद्रा. ही सिंहमुद्रा म्हणजे हजार भागांत 925 भाग शुद्ध चांदी असल्याची हमी.

तपासणीची रीत कष्टाची होती. वस्तूवरून थोडी चांदी खरवडून तिचे वजन करायचे, ती शिशासह मुशीत तापवायची, हिणकस भाग जळून शोषला गेला की उरलेला मणी पुन्हा तोलायचा. दोन वजनांतील फरक म्हणजे भेसळ. कमी कसाची वस्तू निघाली तर ती ठोकून चेपवली जाई. हे काम ना घडवणारा करी, ना विकणारा. तिसऱ्याच्या हातात तराजू असणे हेच या व्यवस्थेचे मर्म. भारतीय मानक ब्यूरोने सोन्यासाठी 2000 मध्ये आणि चांदीसाठी 2005 मध्ये हॉलमार्क सुरू केला, तेव्हा हेच तत्त्व आपल्या बाजारात आले.

अर्थात जिथे कर, तिथे पळवाट. हेही या कपाटांत दिसते. सन 1720 मध्ये चांदीच्या वस्तूंवर औंसाला सहा पेन्स कर बसला. काही कारागीर एखादी लहानशी वस्तू तपासणीला पाठवत, तिच्यापुरता कर भरत आणि मुद्रा उमटलेला तुकडा कापून मोठ्या भांड्याच्या तळाला डाख देऊन बसवत. मोठे भांडे कराविना बाजारात जाई. जाणकार आज तळावर फुंकर मारतात; डाखाची रेघ क्षणभर उमटते आणि दोन-अडीच शतकांपूर्वीची लबाडी उघडी पडते.

वितळणाऱ्या शतकांची गोष्ट

ज्या काळातील चांदी इथे त्या मानाने कमी आहे, तो काळ गरिबीचा नव्हता. तो युद्धाचा होता. सन 1642 मध्ये इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले. राजाचे ठाणे ऑक्सफर्डला होते. तेथील महाविद्यालयांकडे पिढ्यान्पिढ्या देणगीदारांनी दिलेली ताटे, पेले, मिठाची पात्रे होती. राजाने ती मागितली. बहुतेकांनी दिली. ऑक्सफर्डमध्ये टांकसाळ उघडली गेली आणि त्या भांड्यांची नाणी होऊन सैनिकांच्या पगारात गेली.

फ्रान्समध्ये तर खुद्द राजानेच आपले घर वितळवले. चौदाव्या लुईच्या व्हर्साय राजवाड्यात भरीव चांदीची टेबले, दीपवृक्ष, नारिंगाच्या रोपांच्या कुंड्या होत्या. सन 1689 मध्ये युद्धाचा खर्च भागवण्यासाठी त्या टांकसाळीत गेल्या. उत्तमोत्तम कारागिरांनी वर्षानुवर्षे घडवलेले ते वैभव आज फक्त चित्रांत आणि रेखाटनांत उरले आहे. त्यातून राजाला जे मिळाले ते केवळ धातूचे मोल.

शांततेच्या काळातही हा ओघ थांबला नाही. उलट एकदा तर नाण्याचेच भांडे होऊ लागले. इंग्लंडमध्ये नाण्याची चांदी आणि भांड्याची चांदी एकाच कसाची, म्हणजे 925 ची होती. त्यामुळे नाण्यांच्या कडा कातरून, ती चांदी वितळवून भांडी घडवणे सोपे झाले. नाणी इतकी झिजली की 1696 मध्ये ती परत घेऊन नव्याने पाडावी लागली. लगेच 1697 मध्ये भांड्यांसाठी कस वाढवून हजारात 958 इतका करण्यात आला, म्हणजे नाणे सरळ वितळवून भांडे करता येऊ नये. त्या वर्षापासून 1720 पर्यंतच्या भांड्यांवर सिंहाऐवजी ब्रिटानिया या देवतारूप स्त्रीची मुद्रा दिसते. एका लहानशा मुद्रेच्या बदलात देशाच्या चलनाचे संकट नोंदले गेले आहे.

काही वाचलेली पात्रे

संग्रहातील काही वस्तूंजवळ मुद्दाम थांबावे. त्यांतील सर्वांत साधी म्हणजे एक काटा. दोनच दाते, सरळ दांडा, त्यावर दोन उमराव घराण्यांची चिन्हे. त्यावरील मुद्रा 1632-33 सालची आहे. इंग्लंडमध्ये घडलेल्या आणि टिकलेल्या जेवणाच्या काट्यांत हा अगदी जुन्यांपैकी एक. त्या काळी इंग्लंडमध्ये बहुतेक लोक बोटांनीच जेवत आणि काट्याचे नखरे इटलीहून आले म्हणून त्यांची थट्टा होई. हाताने जेवणारे म्हणून ज्यांना पुढे हिणवले गेले, त्यांच्या वंशजांनी हा काटा पाहताना थोडे हसून घ्यायला हरकत नाही.

याच संग्रहालयाच्या युरोपीय दालनांत बर्ली नेफ नावाचे मीठपात्र आहे. पॅरिसमध्ये 1527-28 मध्ये घडलेले, जहाजाच्या आकाराचे. जहाजाचा तळ नॉटिलस या सागरी शंखाचा; शिडे, डोलकाठ्या, तोफा आणि खलाशी चांदीचे, काही भाग सोन्याच्या मुलाम्याचे. मधल्या डोलकाठीच्या पायथ्याशी ट्रिस्टन आणि इझोल्ट हे दंतकथेतील प्रेमी बुद्धिबळ खेळत बसले आहेत. एवढ्या सगळ्या थाटात मीठ कुठे, तर मागच्या बाजूला असलेल्या लहानशा खळग्यात. मीठ महाग आणि मानाचे होते. मीठपात्र यजमानाजवळ असे आणि त्यापासून पाहुणा किती अंतरावर बसला यावरून त्याची पायरी कळे. आपल्या पानातही मीठ आधी वाढतात. फरक इतकाच की आपल्याकडे ते सर्वांच्या पानात सारखेच असते.

पुढे 1743-44 चे एक भव्य पात्र आहे. भोजनाच्या मेजावर मधोमध ठेवायचे, फांद्या फुटलेले, मध्यभागी मोठा वाडगा आणि बाजूंना लहान तबके. कारागीर पॉल द लामेरी. याचा जन्म 1688 चा, हॉलंडमधला; आईवडील फ्रेंच प्रॉटेस्टंट. चौदाव्या लुईने 1685 मध्ये त्या पंथीयांना दिलेले संरक्षण काढून घेतल्यावर हजारो कुटुंबे देशोधडीला लागली आणि त्यांतील अनेक कुशल कारागीर लंडनला आले. लामेरी लहानपणीच लंडनला आला आणि पुढे अठराव्या शतकातील सर्वांत नामांकित रौप्यकार ठरला. हे पात्र सर रॉजर न्यूडिगेट यांच्या लग्नातील आहेर आहे. आहेर कोणी दिला, कोणाला दिला आणि कोणत्या साली, हे त्यावर कोरलेले आहे. महाराष्ट्रातील वाचकाला हे वाचून आपल्या घरातील पितळी डबा किंवा चांदीची वाटी आठवल्यावाचून राहणार नाही. तिच्यावरही नाव घालणाऱ्याने ठिपक्या-ठिपक्यांनी हेच लिहिलेले असते: कोणाकडून, कोणास, सन अमुक. उमरावाचे घर असो की वाण्याचे, आहेराला आपले नाव राहावे ही इच्छा सारखीच.

व्यापाऱ्याने विशेष पाहावी अशी वस्तू म्हणजे मद्याच्या बाटल्या थंड ठेवण्याचे एक अवाढव्य घंगाळ. मूळ घंगाळ हेन्री जर्निगन या सराफाने 1730 च्या दशकात घडवून घेतले. भरीव चांदी, वजन दोनशे किलोंहून अधिक. गिऱ्हाईक मात्र मिळेना. एवढी रक्कम एका वस्तूत अडकून पडली की काय होते, हे कोणत्याही दुकानदाराला समजावून सांगायला नको. अखेर वेस्टमिन्स्टरच्या पुलासाठी पैसा उभा करण्यासाठी काढलेल्या सोडतीत ते बक्षीस म्हणून ठेवले गेले. तिकीट घेणाऱ्याला चांदीचे एक लहान पदकही मिळे. पुढे ते घंगाळ रशियाच्या राजदरबारी पोचले आणि आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. लंडनच्या दालनात दिसते ती त्याची हुबेहूब प्रतिकृती, एल्किंग्टन कंपनीने 1880 च्या दशकात विजेच्या साह्याने धातूचा थर चढवून केलेली. दिसायला दोन्ही सारखीच. मोडीत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर.

एका विधवेची पेढी

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील चांदी पाहताना 'एच. बी.' या वळणदार अक्षरांची खूण पुन्हा पुन्हा भेटते. ही हेस्टर बेटमन हिची. जन्म 1708. नवरा जॉन चांदी-सोन्याच्या साखळ्या घडवी. तो 1760 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, वयाच्या पन्नाशीनंतर, हेस्टरने गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये स्वतःच्या नावाची खूण नोंदवली. तिला लिहिता येत नव्हते. मुले, सुना आणि शिकाऊ कारागीर हाताशी घेऊन तिने कारखाना तीस वर्षे चालवला आणि 1790 मध्ये तो पीटर व जोनाथन या मुलांकडे सोपवला. जोनाथन लवकरच गेला. तेव्हा त्याची विधवा अ‍ॅन हिने दिराबरोबर आपली खूण नोंदवली. नातवंडांपर्यंत तो व्यवसाय चालला.

हेस्टरची भांडी लामेरीसारखी राजेशाही नाहीत. पातळ पत्र्याची, सुबक, कडेला मण्यांची बारीक ओळ असलेली. चमचे, किटल्या, साखरेचे चिमटे. तिने बाजार ओळखला होता. चहावरील जबर कर 1784 मध्ये शंभर टक्क्यांच्या वरून साडेबारा टक्क्यांवर आला आणि मध्यमवर्गीय घरांतही चहा नित्याचा झाला. त्याआधी चहा इतका महाग होता की चहाच्या डब्याला कुलूप असे आणि किल्ली घरच्या बाईच्या कमरेला. ती कुलुपाची पेटीही इथे पाहायला मिळते. पतीच्या मागे दुकानाच्या गादीवर बसून घर सावरणाऱ्या स्त्रिया आपल्या समाजातही कमी झाल्या नाहीत. त्यांची खूण कुठे नोंदली गेली नाही, एवढेच.

जपणूक

चांदीचे खरे शत्रू दोन: हवा आणि हौस. हवेतील गंधकयुक्त वायूंनी तिच्यावर काळा थर चढतो. तो घासून काढावा, तर प्रत्येक घासणीबरोबर थोडी चांदी जाते आणि नक्षी बोथट होते. म्हणून संग्रहालये भांडी वारंवार उजळत नाहीत. कपाटांतच हवा शुद्ध राहील अशी व्यवस्था करतात. मीठही चांदीला खाते. त्यासाठी मीठपात्रांच्या आत सोन्याचा मुलामा देत किंवा निळ्या काचेची वाटी बसवत. आपल्या घरी सणापुरती ताटे काढून ती जोर लावून लखलखीत करण्याची जी हौस असते, तिला इथे थोडा आवर घालावासा वाटतो. चांदीची वाटी मऊ सुती कापडाने हलकेच पुसावी, कोरडी करावी आणि कापडात गुंडाळून ठेवावी, एवढे पुरते.

दालनांच्या शेवटाकडे शेफील्ड प्लेट दिसते. सन 1743 च्या सुमारास थॉमस बोलसोव्हर याला तांबे आणि चांदी एकत्र सांधून त्याचा एकच पत्रा लाटण्याची युक्ती सापडली. आत तांबे, वर चांदी. किंमत कमी आणि डौल तोच. शतकभराने, 1840 मध्ये एल्किंग्टनने विजेच्या मुलाम्याचे पेटंट घेतले आणि तीही मागे पडली. शेफील्डच्या जुन्या तबकांच्या कडेला आता तांब्याची लाली डोकावते. गंमत अशी की या भांड्यांत वितळवण्याजोगे फारसे काही नसल्यामुळेच त्यांतील पुष्कळशी वाचली.

तराजूला न दिसणारे

सगळी दालने पाहून झाली की आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. जी भांडी वाचली ती मौल्यवान होती म्हणून वाचली नाहीत. मौल्यवान भांडीच आधी वितळली. जी वाचली ती कोणीतरी, कधीतरी, पैशाची गरज असतानाही "हे राहू दे" असे म्हटल्यामुळे. एखाद्या सासूने, एखाद्या नातवाने, एखाद्या महाविद्यालयाच्या कारभाऱ्याने. त्या नकाराची कोणत्याही वहीत नोंद नाही. काचेमागचे प्रत्येक पात्र हीच त्याची नोंद.

हा प्रश्न लंडनला संपत नाही. चांदीचा भाव चढला की आपल्याकडेही कपाटे उघडतात. आजीचे ताट, पंजोबांचा पानाचा डबा, लग्नातील लोटी-भांडे एका पिशवीत सराफाकडे जाते. तूट वजा होते, कस लागतो, आणि त्या बदल्यात नवी लखलखीत वस्तू किंवा खात्यात रक्कम येते. यात गैर काही नाही. अडचणीच्या वेळी उपयोगी पडावी म्हणूनच पूर्वजांनी ही ठेव केली होती आणि संग्रहाचा मोह धरावा असे कोणी म्हणणार नाही. औषधोपचार, शिक्षण, धंद्यातील देणे यांसाठी मोडलेले ताट सत्कारणीच लागले. परंतु केवळ घडण जुनी झाली म्हणून मोडलेल्या ताटाबद्दल तसे म्हणता येत नाही.

मोडीत देण्यापूर्वी निदान एवढे करता येईल. भांडे उलटे करून उजेडात धरावे. तळाशी नाव असेल, सन असेल, घडवणाऱ्याची खूण असेल. कच्छची घडण असेल तर कदाचित भूजच्या उमरशी मावजी यांच्या 'ओ. एम.' या खुणेसारखी, जगभरचे संग्राहक शोधतात तशी अक्षरेही निघतील. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला ते भांडे कुठून आले हे विचारावे आणि जे सांगतील ते वहीत लिहून, छायाचित्रासह ठेवावे. मग मोडायचे की ठेवायचे ते ठरवावे. भाव आज ना उद्या पुन्हा चढेल-उतरेल आणि चांदी बाजारात केव्हाही मिळेल. पणजीचे नाव कोरलेली वाटी मात्र एकदा मुशीत गेली की कोणत्याही भावाने परत मिळत नाही.